उपसूचना ‘नियमबाह्य’ म्हणजे नेमकं काय?

आमच्या बंदरावरच्या मच्छीमार संस्थेची वार्षिक सभा पावसात होते. होड्या वर ओढून शाकारलेल्या असतात, जाळ्यांची डागडुजी बऱ्यापैकी उरकलेली असते आणि माणसांना भांडायला सवड असते. त्या वर्षी विषयपत्रिकेवर पाचव्या नंबरला विषय होता: ‘बर्फ कारखान्याच्या छपराची दुरुस्ती करणे व त्यासाठी चार लाख रुपयांपर्यंतच्या खर्चास मंजुरी देणे.’ सूचकाने वाचला, अनुमोदकाने हात वर केला, आणि मागच्या बाकावरून एक काका उठले. म्हणाले, माझी उपसूचना आहे. छपराचं राहू द्या, तेच पैसे सभासदांच्या जाळ्यांना मदत म्हणून वाटा.

टाळ्या पडल्या. चेअरमन सचिवांच्या कानाशी लागले, मग माईकवर म्हणाले, “उपसूचना विषयाला धरून नाही. घेता येणार नाही.” आणि पुढचा विषय सुरू.

मी इतिवृत्त लिहायला बसलो होतो. मी लिहिलं, ‘उपसूचना नामंजूर.’ सभा संपून चहा-भजी सुरू झाल्यावर काका माझ्या टेबलाशी आले, वही ओढून घेतली, ती ओळ वाचली आणि बोट ठेवून म्हणाले, “ठराव मतदानाक गेलोच नाय, मगे पडलो कसो?”

चूक माझी होती. नामंजूर होणं आणि नियमबाह्य ठरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सभेने ‘नको’ म्हटलं तर उपसूचना नामंजूर होते. काकांच्या बाबतीत सभेला विचारलंच गेलं नव्हतं. अध्यक्षाने एवढंच सांगितलं होतं की हा प्रश्न आज, या विषयाखाली सभेपुढे ठेवता येत नाही. मुंबईत किंवा नागपुरात विधानसभा भरते, दिल्लीत लोकसभा भरते, तिथेही रोज हेच चालतं. फरक एवढाच की तिथे छपराच्या जागी कायदा असतो आणि सचिवांच्या कानाशी लागण्याच्या जागी नियमांचं जाड पुस्तक असतं.

घरी राहिलेल्याचा हक्क

उपसूचना म्हणजे मूळ ठरावात बदल सुचवणारी सूचना. काही शब्द काढा, काही घाला, काहींच्या जागी दुसरे घाला, यापलीकडे तिचं काम नाही. मतदानाचा क्रमही ठरलेला: आधी उपसूचना मताला, मग तिच्यासह किंवा तिच्याविना मूळ ठराव मताला. हा क्रम उलटा केला तर गोंधळ होतो. मूळ ठराव आधी मंजूर झाला तर बदलायला उरलं काय?

आता काकांचं बघू. छपराला चार लाखांऐवजी तीन लाख द्या, पत्र्याऐवजी कौलं घाला, काम दिवाळीनंतर करा, कंत्राट सभासदालाच द्या: यातलं काहीही चाललं असतं. विषय छपराचा, बदलही छपराचाच. पण छप्पर सोडून जाळ्यांना पैसे, हा बदल नाही. हा दुसरा ठराव आहे, पहिल्याच्या पाठीवर बसून आलेला.

यात एवढं काय बिघडलं, असं काकांच्या बाजूने विचारता येतं. पैसे तेच, सभा तीच, माणसं तीच.

माणसं तीच नव्हती, हेच तर बिघडलं. सभेची नोटीस आधी घरोघरी जाते ती कशासाठी? सभासदाने विषय वाचावेत आणि यायचं की नाही ते ठरवावं, यासाठी. छपराचा विषय वाचून कितीतरी जण घरीच थांबले. कोणी म्हणालं, छप्पर गळतंच आहे, होऊ दे दुरुस्ती. नोटिशीत ‘जाळ्यांना मदत’ असं असतं तर सगळा गाव लोटला असता: दोन होड्यांवाला आणि होडीच नसलेला, रापणवाला आणि ट्रॉलरवाला. मदत कोणाला, किती, थकबाकीदाराला की नाही, यावर संध्याकाळपर्यंत सभा चालली असती. हजर असलेल्यांनी टाळ्यांच्या जोरावर ठराव करून टाकला असता तर जो नोटिशीवर विश्वास ठेवून घरी थांबला तो फसला असता.

माझ्या मते, ग्राह्य-अग्राह्यतेचे, म्हणजे काय मताला घ्यायचं आणि काय नाही याचे, बहुतेक नियम या गैरहजर माणसासाठी आहेत. विधानसभेत तो माणूस म्हणजे दुसऱ्या कामात अडकलेला आमदार, आणि त्याच्या मागे बसलेले तुम्ही-आम्ही.

समजा, मासेमारीचंच विधेयक आलं

विधेयक सभागृहात येतं ते टप्प्याटप्प्याने. आधी ते मांडलं जातं. मग ‘विचारात घ्यावे’ असा प्रस्ताव येतो आणि त्यावर सर्वसाधारण चर्चा होते. हवं तर ते समितीकडे जातं. त्यानंतर एकेक खंड घेतला जातो. (विधेयकात असतो तो खंड, कायदा झाला की त्याचंच कलम होतं.) सदस्यांनी दिलेल्या सुधारणा, म्हणजे विधेयकावरच्या उपसूचनाच, इथे, या खंडवार विचारात येतात. शेवटी ‘विधेयक मंजूर करावे’. सुधारणेची सूचना लेखी द्यावी लागते. लोकसभेत ती विधेयक विचारात घेण्याच्या दिवसाच्या किमान एक दिवस आधी हवी, नाहीतर हरकत घेता येते. मात्र अध्यक्ष परवानगी देऊ शकतात. सुधारणा कोणत्या अटींवर ग्राह्य, ते लोकसभेच्या नियम ८० मध्ये लिहिलं आहे आणि राज्यांच्या विधानसभांचे नियम साधारण त्याच साच्यातले आहेत.

नियम नुसते वाचून काही लक्षात राहत नाही, म्हणून एक काल्पनिक विधेयक घेऊ. आपल्याकडे महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ आहे. किनाऱ्यावर पर्ससीन जाळी आणि एलईडी दिव्यांवरच्या मासेमारीच्या भांडणात त्याचं नाव रोज निघतं, आणि २०२१ मध्ये त्यात बदल करून दंड वाढवले गेले. समजा उद्या सरकारने त्यात आणखी एक दुरुस्ती विधेयक आणलं, आणि त्यात कामाचे खंड दोनच: खंड २ मध्ये विनापरवाना मासेमारीचा दंड वाढवायचा आणि त्यासाठी ‘छोटी नौका’ची व्याख्या घालायची, खंड ३ मध्ये तिसऱ्यांदा सापडल्यास ‘परवाना रद्द करता येईल’ अशी तरतूद.

किनाऱ्यावरचे आमदार आपापल्या सुधारणा घेऊन येतात.

पहिले म्हणतात, दंडाचा आकडा निम्मा करा. ग्राह्य. आकडा पटो न पटो, तो खंडाच्या पोटातला आहे.

दुसरे म्हणतात, खंड ३ मधल्या ‘रद्द करता येईल’ऐवजी ‘रद्द करण्यात येईल’ असं घाला. ही सुधारणा मला फार आवडते, कारण ती चार अक्षरांची वाटते आणि अख्खा कायदा फिरवते. ‘करता येईल’ म्हणजे अधिकाऱ्याच्या मर्जीवर. तो करील, न करील, आणि त्या ‘न करील’मध्ये काय काय व्यवहार होतात ते बंदरावर कोणाला सांगायला नको. ‘करण्यात येईल’ म्हटलं की मर्जी संपली. बदल मोठा आहे, पण विधेयकाच्या विषयाच्या कक्षेबाहेरचा नाही, त्यामुळे तोही ग्राह्य. सुधारणेचा परिणाम किती मोठा यावरून ती ग्राह्य की अग्राह्य हे ठरत नाही. ती कोणत्या विषयाला चिकटलेली आहे यावरून ठरतं.

तिसरे म्हणतात, खंड ३ संपूर्ण वगळा. ऐकायला रास्त वाटतं. पण खंड नको असेल तर खंड मताला टाकला जाईल तेव्हा ‘नाही’ म्हणायची सोय आहेच. ज्या सुधारणेचा परिणाम निव्वळ विरोधी मतदानाएवढाच होतो ती सुधारणा म्हणून घेत नाहीत. गावच्या भाषेत, ‘जेटी बांधावी’ या ठरावाला ‘बांधू नये’ ही उपसूचना होत नाही. ‘मेरीटाईम बोर्डाची परवानगी मिळाल्यावर बांधावी’ ही होते.

चौथे म्हणतात, मूळ कायद्यातल्या अमुक कलमात सल्लागार समिती आहे, तिच्यावर महिला विक्रेत्यांच्या प्रतिनिधी घ्या. मागणी शंभर टक्के रास्त. मासळी विकतात बायका, आणि समितीवर बसतात पुरुष. पण सरकारच्या विधेयकाने ते कलम उघडलेलंच नाही. दुरुस्ती विधेयक मूळ कायद्याच्या ज्या खोल्यांची दारं उघडतं त्याच खोल्यांत शिरता येतं, बाकीच्या घरात नाही. त्यामुळे ही सुधारणा साधारणपणे कक्षेबाहेर जाते. चौथ्यांना अशासकीय विधेयक, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्याने स्वतः मांडायचं विधेयक, आणावं लागेल, आणि अशासकीय विधेयकांच्या वाट्याला किती वेळ येतो ते विचारू नका.

कक्षा कशावरून ठरवतात? विधेयकाचं दीर्घ शीर्षक, ‘उद्देश व कारणे यांचे निवेदन’ आणि खुद्द खंडांचा मजकूर. म्हणून मुरलेला आमदार विधेयक हातात पडलं की आधी शीर्षक वाचतो. ‘अधिनियमात आणखी सुधारणा करण्याकरिता’ असं मोघम आहे, की विशिष्ट गोष्टीपुरतं बांधून घातलंय? सरकारी मसुदाकारही कच्च्या गुरूचे चेले नसतात. शीर्षक जितकं अरुंद तितकी विरोधकांच्या सुधारणांना जागा कमी.

पाचवे जरा उशिरा येतात. खंड २ मध्ये ‘छोटी नौका’ची व्याख्या सभागृहाने नुकतीच मंजूर केली आहे, आणि यांची खंड ३ वरची सुधारणा त्या व्याख्येच्या बरोबर उलट आहे. अग्राह्य. सभागृहाने एकाच प्रश्नावर दुपारी दोनला एक आणि अडीचला दुसरं म्हणायचं नाही. सहावे सुधारणा देतात ती घातली तर वाक्याला कर्ताच उरत नाही. खंड अर्थहीन किंवा व्याकरणदुष्ट करणारी सुधारणाही चालत नाही. सातव्यांना विधेयकाचं नाव बदलून ‘बड्यांचे लाड अधिनियम’ करायचं आहे. मंत्र्यांना टोला म्हणून ते छान, पण सवंग किंवा निरर्थक वाटणारी सुधारणा मताला न टाकण्याचा अधिकार अध्यक्षांना आहे. टोला भाषणात मारावा.

पैसा आला की गाडी अडते

आठव्या आमदारांना डिझेल परतावा वाढवून हवा आहे. किनाऱ्यावर याइतकी लोकप्रिय सुधारणा दुसरी नाही, आणि याइतकी हमखास अडणारीही नाही. दंडाच्या विधेयकात परतावा कक्षेबाहेर, हे एक. दुसरं कारण खोल आहे.

राज्याच्या संचित निधीतून, म्हणजे सरकारच्या मुख्य तिजोरीतून, खर्च करायला लावणारी गोष्ट कोणीही आमदार उठून सुचवू शकत नाही. घटनेच्या अनुच्छेद २०७ नुसार कर, कर्ज, संचित निधी अशा आर्थिक बाबींची विधेयकं आणि सुधारणा राज्यपालांच्या शिफारशीशिवाय मांडता येत नाहीत. राज्यपालांची शिफारस म्हणजे व्यवहारात मंत्रिमंडळाची. खर्चाची जबाबदारी ज्याच्यावर, खर्च सुचवायचा हक्कही त्याचाच, असं यामागचं गणित. याला एक गंमतशीर अपवाद त्याच अनुच्छेदात आहे: कर कमी करणारी किंवा रद्द करणारी सुधारणा असेल तर शिफारस लागत नाही. जनतेच्या खिशातून कमी काढा, हे सुचवायला आमदाराला कोणाची परवानगी नको. जनतेला जास्त द्या, हे सुचवायला हवी.

अर्थसंकल्पात हेच आणखी कडक आहे. अनुदानाच्या मागणीला विधानसभा मान्यता देऊ शकते, नाकारू शकते, रक्कम कमी करू शकते. वाढवू शकत नाही. मग ज्यांच्या गावात समुद्र दरवर्षी माडांची एक रांग खातोय आणि धूपप्रतिबंधक बंधाऱ्याला पैसे हवेत, त्यांनी काय करायचं? कपात सूचना द्यायची. मागणीची रक्कम शंभर रुपयांनी कमी करा, असं म्हणायचं आणि त्या शंभर रुपयांच्या निमित्ताने उभं राहून बंधाऱ्याचं गाऱ्हाणं मांडायचं. जास्त हवं म्हणून कमी करा म्हणणं! बाहेरच्याला हा वेडेपणा वाटतो. पण सभागृहात बोलायला दार लागतं, आणि हे दार शंभर रुपयांत उघडतं.

मागण्या मंजूर झाल्यावर येतं विनियोजन विधेयक, म्हणजे ते पैसे तिजोरीतून काढायला परवानगी देणारं विधेयक. तिथे तर अनुच्छेद २०४ ने सगळंच बंद केलंय. मंजूर रक्कम बदलणारी किंवा ती दुसरीकडे वळवणारी कोणतीही सुधारणा मांडता येत नाही, आणि एखादी सुधारणा या कारणाने अग्राह्य आहे की नाही याबाबत पीठासीन अधिकाऱ्याचा, म्हणजे तेव्हा अध्यक्षाच्या खुर्चीवर असलेल्याचा, निर्णय अंतिम. संसदेसाठी अशीच तरतूद अनुच्छेद ११४ मध्ये आहे. छपराचे पैसे जाळ्यांकडे वळवू नका, हे आमच्या चेअरमननी ज्या घाईत सांगितलं तेच घटनाकारांनी सावकाश लिहून ठेवलंय.

बारा मैलांपलीकडे

नववी सुधारणा सगळ्यात अवघड. ती म्हणते, हे दंड बारा सागरी मैलांपलीकडे मासेमारी करणाऱ्या राज्यातल्या नौकांनाही लावा. इथे कक्षेचा प्रश्न नाही, अधिकाराचा आहे. घटनेच्या सातव्या अनुसूचीत मत्स्यव्यवसाय राज्य सूचीत आहे, नोंद २१. पण प्रादेशिक जलधीपलीकडची मासेमारी संघ सूचीत आहे, नोंद ५७. किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांची ती हद्द १९७६ च्या केंद्रीय कायद्याने ठरली. मासा काही बारा मैलांची पाटी वाचून थांबत नाही, पण विधानसभेचा अधिकार थांबतो.

मग अध्यक्ष ही सुधारणा घटनाबाह्य म्हणून फेटाळणार? बहुतेकांना इथे आश्चर्य वाटतं: साधारण प्रथा अशी की नाही फेटाळत. एखादी तरतूद घटनेत बसते की नाही, विधिमंडळाला तो कायदा करायचा अधिकार आहे की नाही, याचा निवाडा पीठासीन अधिकारी करत नाहीत. सदस्यांनी त्यावर चर्चा करावी, सभागृहाने मत द्यावं, आणि पुढे कोणी गेलंच तर न्यायालयाने ठरवावं. अध्यक्षांचं काम सभागृहाचं दार सांभाळण्याचं. आत आलेला बरोबर आहे की चूक, हे दारावर ठरत नाही.

या बाबतीत कोकणाला एक मोठा दाखला आहे. फेब्रुवारी १९६७ मध्ये गोलकनाथ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की संसदेला मूलभूत हक्क कमी करणारी घटनादुरुस्ती करता येणार नाही. त्यानंतर काही आठवड्यांतच राजापूरचे खासदार, वेंगुर्ल्याचे बॅरिस्टर नाथ पै, यांनी संसदेचा तो अधिकार पुन्हा मांडणारं अशासकीय विधेयक लोकसभेत आणलं. न्यायालयाच्या निकालाला छेद देणारं विधेयक म्हणून त्याला उंबरठ्यावरच अडवलं गेलं नाही. ते संयुक्त समितीकडे गेलं, त्यावर देशभर वाद झाला. जानेवारी १९७१ मध्ये नाथ पै गेले. विधेयक तडीस गेलं नाही, पण त्याच वर्षी चोविसाव्या घटनादुरुस्तीने संसदेने तसाच अधिकार स्वतःकडे असल्याचं लिहून घेतलं. ते विधेयक चूक की बरोबर यावर आजही दोन मतं आहेत. ती दोन मतं सभागृहात समोरासमोर येऊ शकली, कारण दारावरच्या माणसाने न्यायाधीशाची खुर्ची मागितली नाही.

निर्णय कसा येतो, आणि आला की?

बहुतेक सुधारणांचा फैसला सभागृहाच्या बाहेर, विधानमंडळ सचिवालयातच होतो. सूचना येते, अधिकारी तपासतात, टिपण अध्यक्षांकडे जातं, आणि नियमात बसणाऱ्या सुधारणा यादीत छापून सदस्यांना मिळतात. नाट्य घडतं ते उरलेल्यांबाबत. कोणीतरी उठून हरकतीचा मुद्दा घेतं. वर्तमानपत्रांत हरकतीचा मुद्दा आणि औचित्याचा मुद्दा यांची सर्रास गल्लत होते. हरकतीचा मुद्दा म्हणजे नियमाचा किंवा घटनेचा भंग होतोय, आत्ता, या क्षणी चालू असलेल्या कामात, एवढंच. त्यावर चर्चा नसते. अध्यक्षांना वाटलं तर ते दोन्ही बाजू ऐकतात, मंत्र्यांना विचारतात आणि निर्णय देतात, किंवा ‘निर्णय राखून ठेवतो’ म्हणतात.

निर्णय दिला की तो मानायचा. त्यावर टीका करायची नाही, मतदान मागायचं नाही. अध्यक्षच पक्षपाती वाटत असतील तर त्यांना पदावरून दूर करण्याचा ठराव आणायचा, त्यासाठी चौदा दिवसांची नोटीस आणि तेव्हाच्या सर्व सदस्यांच्या बहुमताची गरज. म्हणजे जवळजवळ नाहीच. न्यायालयात जाता येतं का? अनुच्छेद २१२ म्हणतो, कार्यपद्धतीत अनियमितता झाली एवढ्या कारणावरून विधिमंडळाच्या कामकाजाची वैधता न्यायालयात विचारता येत नाही. पण अनियमितता वेगळी आणि घटनेचा उघड भंग वेगळा, असं सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये राजाराम पाल खटल्यात स्पष्ट केलं. शिफारशीबाबत तर घटनाच समजूतदार आहे. अनुच्छेद २५५ सांगतो की राज्यपालांची किंवा राष्ट्रपतींची पूर्वशिफारस घ्यायची राहिली, पण नंतर कायद्याला रीतसर अनुमती मिळाली, तर केवळ त्या कारणाने कायदा रद्द होत नाही. दार ओलांडताना चूक झाली, पण पुढे योग्य सही झाली, तर चूक पोटात घातली जाते.

एवढा अधिकार एका खुर्चीला दिला, तर त्या खुर्चीवर कोण बसतं हा प्रश्न उरतोच. स्वतंत्र भारताच्या लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर यांचं घराणं मूळचं संगमेश्वराजवळच्या मावळंग्याचं, आडनावच सांगतं. सुरुवातीचं काही शिक्षण त्यांनी राजापुरात घेतलं. लोकसभेच्या आधी १९३७ पासून ते मुंबई विधानसभेचे अध्यक्ष होते, म्हणजे इंग्रजांच्या अमदानीतले नियम आणि स्वराज्यातले नियम दोन्ही त्यांनी त्या खुर्चीवरून चालवले. आज आपण ‘संसदेची प्रथा’ म्हणून जे सांगतो त्यातलं पुष्कळसं त्या वर्षांत घडलं.

खुर्चीचा निर्णय किती वजनाचा असतो याचं एक परदेशी उदाहरण बघा. ९ जानेवारी २०१९ ला ब्रिटिश संसदेचे अध्यक्ष जॉन बर्को यांनी ब्रेक्झिटच्या चर्चेच्या वेळापत्रकावरची एक सुधारणा मताला टाकली. आधीच्या आदेशानुसार त्या प्रस्तावावर सुधारणा येऊच शकत नाही, असं सरकारचं म्हणणं होतं. प्रचंड गदारोळ झाला. सुधारणा ३०८ विरुद्ध २९७ ने मंजूर झाली आणि सरकारला कराराचा ठराव पडल्यास तीन बैठकांच्या दिवसांत पुढची योजना घेऊन यावं लागणार हे ठरलं. तो निर्णय उलटा गेला असता तर मतदानच झालं नसतं. अमेरिकेच्या सिनेटमध्ये उलट घडलं. फेब्रुवारी २०२१ मध्ये करोनाच्या मदत विधेयकात किमान वेतन ताशी पंधरा डॉलर करण्याची तरतूद होती; सिनेटच्या पार्लमेंटेरियनने, म्हणजे नियमांवर सल्ला देणाऱ्या अधिकाऱ्याने, सांगितलं, या खास अर्थसंकल्पी मार्गाने येणाऱ्या विधेयकात ती बसत नाही. चांगली की वाईट यावर त्या काही बोलल्याच नाहीत. तरतूद गळली.

ऐनवेळचे विषय

आता आमच्या सभेकडे परत येतो, कारण तिथे एक गोष्ट सांगायची राहिलीय.

काकांची उपसूचना विषयाला धरून नव्हती, हा चेअरमनचा निर्णय नियमाने बरोबरच होता. पण त्याच सभेत शेवटी, महाराष्ट्रातल्या यच्चयावत विषयपत्रिकांवर असतो तो शेवटचा विषय आला: ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’. त्याखाली संस्थेची जुनी होडी विकायचा ठराव आला आणि दोन मिनिटांत मंजूर झाला. होडी विकायची हे नोटिशीत कुठे होतं? कुठेच नव्हतं. जाळ्यांसाठी घरी थांबलेल्या सभासदाची काळजी करणाऱ्यांना होडीसाठी घरी थांबलेला सभासद आठवला नाही. मी मान खाली घालून लिहीत होतो, ‘सर्वानुमते मंजूर’.

नियमाची खरी परीक्षा इथे असते. एखादा नियम कडक आहे की सैल, हे फारसं महत्त्वाचं नाही. तो आपल्या माणसाच्या ठरावालाही तेवढाच लावला जातो का, हे बघायचं. विधानसभेतही विरोधकांच्या सुधारणा एकामागून एक कक्षेबाहेर जातात आणि सरकारची सुधारणा सकाळी छापून दुपारी येते, तेव्हा नियमपुस्तकात बोट ठेवायला जागा नसते. अध्यक्षांना मुदत माफ करण्याचा अधिकार असतोच. तक्रार करायची तर कोणत्या नियमाची? म्हणून इतिवृत्तं जपून ठेवावीत. आज काय अग्राह्य ठरलं आणि काय ग्राह्य, याची वही शेजारी शेजारी ठेवली की बरंच दिसतं.

काकांना मी त्या दिवशी ओळ खोडून दिली. ‘नामंजूर’च्या जागी ‘विषयाला धरून नसल्याने अध्यक्षांनी मतास टाकली नाही’ असं लिहिलं. त्यांनी चष्मा वर करून ते दोनदा वाचलं, मान हलवली आणि भजी संपायच्या आत पोचायला निघाले.

पुढच्या वर्षी मे महिन्यातच ते माझ्याकडे कागद घेऊन आले. जाळ्यांच्या मदतीचा ठराव, स्वतंत्र, रक्कम किती, कोणाला, थकबाकीदाराचं काय, सगळं लिहिलेलं. खाली सूचक, अनुमोदक यांच्या सह्या. सचिवांकडे पोच घेतली, विषयपत्रिकेवर सातव्या नंबरला तो छापून आला. सभेच्या दिवशी पाऊस असूनही बाहेरच्या पडवीत माणसं उभी होती. दीड तास वाद झाला. एकाने थकबाकीदारांना वगळू नका अशी उपसूचना दिली. चेअरमननी ती मताला घेतली, ती मंजूर झाली. मग त्या बदलासह मूळ ठराव मताला गेला. हात मोजले, पुन्हा मोजले. तेरा मतं कमी पडली.

काका शांतपणे माझ्या टेबलाशी आले. वहीत डोकावले.

“आता लिव,” म्हणाले, “ठराव पडलो.”